पेट्रोल महागते तेव्हा नेमके काय बदलते?

२९ मे २०२१ रोजी मुंबईत साधे पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले. परभणीने ही शंभरी त्याआधीच गाठली होती, कारण तिथले तेल मनमाडच्या डेपोतून टँकरने येते आणि त्या वाहतुकीचा बोजा दरावर पडतो. पुढच्या एप्रिलमध्ये मुंबईचा दर १२०.५१ रुपयांवर पोहोचला. या काळात मोर्चे निघाले, बैलगाडीतून आंदोलने झाली, विधिमंडळात आणि संसदेत गदारोळ झाला. रस्ते मात्र रिकामे झाले नाहीत. त्यातून एक समज पक्का झाला, आणि तो आजही सहज बोलून दाखवला जातो: पेट्रोल कितीही महागू दे, लोक चार दिवस कुरकुर करतात आणि पुन्हा टाकी भरतात. या समजात तथ्य आहे, पण अर्धेच. दरवाढीने माणसे गाडी घरी ठेवत नाहीत, हे बऱ्याच अंशी खरे. पण त्या गाडीत कोणते इंधन असेल, ती कशी चालवली जाईल, पुढची गाडी कोणती घेतली जाईल आणि घरातला दुसरा कोणता खर्च मागे पडेल, हे सगळे दरवाढीने बदलते. आणि हा बदल सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. फिरणे कमी करणे ज्यांना सहज शक्य आहे त्यांना ते करण्याची गरज पडत नाही, आणि ज्यांना गरज पडते त्यांच्यासमोर दुसरा मार्ग नसतो. या प्रश्नावरचा आजवरचा पुरावा चाळला की हीच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी समोर येते.

या विषयावर जगभरात शेकडो अभ्यास झाले आहेत. ब्रिटनमधले फिल गुडविन, जॉयस डार्गे आणि मार्क हॅन्ली यांनी २००४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. महागाई वजा करून इंधनाचा दर दहा टक्क्यांनी वाढला आणि तिथेच टिकून राहिला, तर वर्षभरात इंधनाचा खप साधारण अडीच टक्क्यांनी घटतो आणि पाचेक वर्षांत ही घट सहा टक्क्यांच्या वर जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण रस्त्यावरची वाहतूक, म्हणजे गाड्यांनी कापलेले एकूण अंतर, पहिल्या वर्षात फक्त एक टक्क्याने घटते आणि पाच वर्षांत सुमारे तीन टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधली तफावत फार बोलकी आहे. इंधनाच्या बचतीचा निम्म्याहून मोठा वाटा कमी फिरण्यातून येतच नाही. तो येतो बेताच्या वेगाने गाडी चालवण्यातून, घरात दोन गाड्या असतील तर जास्त ॲव्हरेज देणारी बाहेर काढण्यातून, आणि कालांतराने लहान किंवा कमी पिणारी गाडी घेण्यातून. शिवाय बराचसा बदल पहिल्या वर्षानंतर होतो. घर, नोकरी, मुलांची शाळा आणि दारातली गाडी ही आधीच ठरून गेलेली असतात. ती बदलण्याची वेळ येते तेव्हाच दराचा विचार निर्णयात शिरतो. दरवाढीच्या दुसऱ्या दिवशी चौकात उभे राहून परिणाम शोधणाऱ्याला तो दिसणार नाही.

अमेरिकेतला पुरावा याच दिशेने जातो, पण त्यात एक वळण आहे. ह्यूज, निटेल आणि स्पर्लिंग यांनी दोन काळांची तुलना केली. १९७५ ते १९८० या काळात दर दहा टक्क्यांनी वाढला तर खप दोन ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान घटत होता. २००१ ते २००६ मध्ये तेवढ्याच वाढीने तो एक टक्काही घटेनासा झाला. मधल्या काळात उत्पन्न वाढले, लोक शहरांपासून दूरच्या उपनगरांत राहायला गेले आणि मोटारीवाचून तिथे काही चालत नाही अशी वस्त्यांची रचना झाली, ही कारणे पटण्यासारखी आहेत. मात्र २०१७ मध्ये लेविन, लुईस आणि वोलाक यांनी शहराशहरांतली रोजची विक्री तपासली तेव्हा घट तीन टक्क्यांच्या आसपास निघाली. महिन्याच्या आणि देशभराच्या सरासरीत जे पुसले जाते ते रोजच्या आकड्यांत दिसते, असे त्यांचे म्हणणे. पद्धतीवरून अर्थतज्ज्ञांत वाद राहील, पण आपल्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे. ‘लोक दराला दाद देतात का’ या प्रश्नाचे एकच कायमचे उत्तर नसते. ते उत्पन्नावर आणि त्याहून अधिक, दुसरा मार्ग उपलब्ध आहे की नाही यावर ठरते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतात २०१०-११ मध्ये पेट्रोलचा खप सुमारे १ कोटी ४२ लाख टन होता. २०१९-२० मध्ये तो तीन कोटी टनांच्या जवळ गेला आणि २०२४-२५ मध्ये चार कोटींच्या घरात. या काळात दर तर एकंदरीत वाढलेच होते. मग परिणाम कुठे आहे? याचे पहिले उत्तर असे की दर वाढले, पण त्यांच्यासोबत बाकी सगळेही वाढले. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले तेव्हा दिल्लीत ते ५१.४३ रुपये होते. एप्रिल २०२२ मध्ये ते १०५.४१ होते, म्हणजे बारा वर्षांत दुप्पट. पण त्याच बारा वर्षांत देशातली सर्वसाधारण किंमतपातळीही जवळपास दुप्पट झाली. महागाई वजा केली तर पेट्रोल २०१० च्या मानाने फारसे महाग झालेलेच नव्हते. चालू किमतींतले दरडोई उत्पन्न मात्र २०१४-१५ मधल्या ८६,६४७ रुपयांवरून २०२२-२३ मध्ये एक लाख बहात्तर हजारांच्या आसपास गेले. ज्याला आपण दरवाढ म्हणून अनुभवतो ती बऱ्याचदा दोन-तीन वर्षांतली झपाट्याची उसळी असते. ती टोचते ते खरेच टोचणे असते, पण दहा वर्षांच्या हिशेबात उत्पन्न तिला मागे टाकते. निदान सरासरीत टाकते. सरासरीच्या खाली जगणाऱ्यांचे काय होते ते पुढे येईलच.

दुसरे उत्तर वाहनांच्या संख्येत आहे. २०११ मध्ये देशात नोंदणीकृत वाहने चौदा कोटींच्या वर होती, २०२० मध्ये साडेबत्तीस कोटींच्या वर. म्हणजे वाहने २.३ पट झाली आणि पेट्रोल २.१ पट. मोडीत निघालेल्या गाड्याही नोंदणीत राहतात आणि त्यात डिझेलच्याही असतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की दर वाहनामागे पेट्रोलचा खप वाढला नाही, उलट किंचित उतरला. एकूण खप वाढला तो प्रामुख्याने नव्याने गाडीवर बसलेल्यांमुळे. जो काल सायकलवर होता तो आज मोटरसायकलवर आला. त्याच्या दृष्टीने पेट्रोलचा दर ही गाडी कमी चालवण्याची सूचना नव्हती, ती गाडी घेण्याच्या एकूण खर्चातली एक बाब होती. २०२१-२२ हे महागड्या पेट्रोलचे वर्ष असूनही खप आदल्या वर्षापेक्षा वाढला, याचा दाखलाही अनेकदा दिला जातो. पण आदले वर्ष टाळेबंदीचे होते. करोनाच्या भीतीने लोक बस आणि लोकल टाळून स्वतःच्या दुचाकीकडे वळले होते. त्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून दराविषयी कोणताही ठाम निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, कुठल्याच बाजूने.

आता पेट्रोल जाळते कोण ते पाहू. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या आणि २०१४ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पंपावर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींत जात असल्याचे आढळले. मोटारींचा वाटा ३४ टक्क्यांच्या आसपास होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्या घरांत दुचाकी आहे, मोटार मात्र शंभरातल्या सात-आठ घरांतच. परदेशी अभ्यास मोटारवाल्यांचे आहेत. आपला प्रश्न मुळात दुचाकीवाल्यांचा आहे, आणि हा फरक न ओळखता केलेली चर्चा भरकटते. तिकडे दरवाढ झाली की रविवारची लांबची सहल रद्द होते. इथे गवंडीकाम करणारा, दूध घालणारा, औषधांच्या दुकानांत फिरणारा विक्रेता, एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार यांच्या फेऱ्यांत सहल नसतेच. कामाची फेरी कमी करणे म्हणजे काम सोडणे.

हे पंपावर उभे राहिले की स्पष्ट दिसते. मोटारवाला ‘टाकी फुल करा’ म्हणतो. दुचाकीवाला ‘शंभरचे टाका’ म्हणतो, आणि माप बरोबर मिळते या समजुतीने कुणी एकशेदहाचे मागतो. लिटरमध्ये मागणारा दुचाकीस्वार विरळा. हाताशी असलेल्या रोकडीवर पेट्रोल घेणाऱ्याला दरवाढ आधी वेगळ्याच रूपात भेटते: शंभराची नोट तीच, पण काटा पूर्वीपेक्षा लवकर रिझर्व्हवर येतो. पंपावर तो कमी खर्च करत नाही, तर वरचेवर येतो. महिन्याचा खर्च वाढल्याचे त्याला एकदम कळत नाही आणि कळते तेव्हा कात्री भलतीकडे लागते. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २५६ रुपये होती. एप्रिलमधल्या मुंबईच्या दराने दोन लिटर पेट्रोलला २४१ रुपये पडत. अशा घरात पेट्रोलचा खप घटला नाही म्हणून परिणाम झाला नाही, असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे. परिणाम झाला तो किराण्यावर, शिकवणीच्या फीवर, औषधाच्या पुढे ढकललेल्या बाटलीवर. इंधनाच्या आकड्यांत तो शोधून सापडणार नाही.

गाडी हेच ज्याचे पोट आहे त्याची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईतल्या रिक्षा सीएनजीवर चालतात. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत सीएनजी किलोला पन्नास रुपयांच्या आत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ८६ रुपयांवर गेला. रिक्षाचे किमान भाडे मात्र मार्च २०२१ मध्ये २१ रुपये झाले ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत तेवढेच राहिले, आणि मग २३ झाले. मधल्या दीड वर्षातला फरक चालकाने सोसला. अशा वेळी रिकामी रिक्षा फिरवत गिऱ्हाईक शोधणे परवडत नाही. मग स्टँडवर थांबून राहणे, जवळचे भाडे नाकारणे, परतीचे भाडे मिळणार नाही अशा भागात जायला नकार देणे हे सगळे वाढते. प्रवाशाला तो उर्मटपणा वाटतो. त्यात उर्मटपणा नसतोच असे नाही, पण इंधनाचा दर आणि भाड्याचा दर यांच्यात पडलेली फट हे त्याचे एक ठोस कारण आहे, आणि ती फट बुजवणे चालकाच्या हातात नसते.

लोक दराला दाद देत नाहीत हा समज सर्वांत ठळकपणे खोटा ठरला तो पेट्रोल आणि डिझेल यांच्यातल्या तफावतीत. २०१० मध्ये पेट्रोल मुक्त झाले, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये झाले तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होते. बत्तीस रुपयांची ही दरी सामान्य ग्राहकाने अचूक वाचली. महाग असूनही डिझेल मोटारी इतक्या विकल्या जाऊ लागल्या की नव्या मोटारींत त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला. कारखान्यांनी डिझेल इंजिनांसाठी नवी गुंतवणूक केली. शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी म्हणून स्वस्त ठेवलेले इंधन शहरातल्या भल्या मोठ्या गाड्यांत जाऊ लागले, आणि शहरांच्या हवेने त्याची किंमत मोजली. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या टप्प्याने वाढू लागले, नंतर मुक्त झाले, प्रदूषणाचे निकष कडक झाले, आणि दहा वर्षांच्या आत डिझेलचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली उतरला. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. आता तिच्या दर तीन गाड्यांतली साधारण एक सीएनजीची असते. दराला इतका मोठा प्रतिसाद आपल्याकडे दुसऱ्या कशात क्वचितच दिसेल. फक्त तो कमी चालवण्याच्या रूपात आला नाही. समोर दोन मार्ग असले की माणूस स्वस्ताकडे जातो, आणि झपाट्याने जातो.

गोव्यानेही हेच दाखवले. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळपास शून्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास दर उतरला. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला हद्दीपलीकडे जाऊन टाकी भरणे सोयीचे झाले. कोल्हापूरकडून निपाणी-बेळगावला जाणारा जिथे पेट्रोल स्वस्त असेल तिथे भरतो आणि लांब पल्ल्याचा ट्रकचालक कोणत्या राज्यात डिझेल घ्यायचे ते निघण्याआधी ठरवतो, हा त्याच शहाणपणाचा भाग. जून २०१७ पर्यंत दर पंधरवड्याला बदलत, तेव्हा वाढ जाहीर झाली की मध्यरात्रीपूर्वी पंपांवर रांगा लागत. त्या रांगांत वाचणारी रक्कम अनेकदा रिक्षाभाड्याएवढीही नसे, पण लोक उभे राहत. १६ जून २०१७ पासून दर रोज काही पैशांनी हलू लागले आणि रांगा संपल्या. वाढ थांबली नाही, ती फक्त लक्षात येईनाशी झाली. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, दर साडेचार महिने जागचे हलले नाहीत. नंतर सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून दहा रुपयांनी चढले. हप्त्याहप्त्याने आलेल्या वाढीला माणूस सरावतो आणि एकदम आलेल्या वाढीला बिथरतो. दोन्ही प्रतिक्रिया नियोजनाच्या नव्हेत. दर पुढे कुठे असेल याचा अंदाज असेल तरच कुटुंब त्यानुसार निर्णय घेऊ शकते.

गाडी चालवण्याच्या पद्धतीत होणारा बदल हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत काळजीचा भाग आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा स्थिर वेग ठेवा, टायरमधली हवा नियमित तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा. हे सगळे निर्धोक आहे आणि यातून खरोखर बचत होते. पण दराच्या दबावाखाली माणूस नेहमी निर्धोकच मार्ग निवडतो असे नाही. घाटात किंवा लांब उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही वेळा इंजिनच बंद करायचे, ही सवय अवजड वाहनांत जुनी आहे. इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाबही नव्याने भरत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली, आणि चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासातून सांगितले गेले. चालकाला दोष द्यायचा तर द्यावा. पण अनेक वाहतूकदार डिझेलचा हिशेब फेरीमागे ठरवून देतात, आणि वाचलेले डिझेल चालकाच्या खिशात जाते किंवा जास्त लागलेले पगारातून कापले जाते. अशा व्यवस्थेत महागडे डिझेल उतारावर काय करायला लावेल हे ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

मग माणूस बसने का जात नाही? इथे थोडा हिशेब करावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मधल्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे पावणेनऊ रुपये झाले, म्हणजे किलोमीटरला साधारण एक रुपया पंचेचाळीस पैसे. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटरसायकल, पेट्रोल ११० रुपये धरले तर, किलोमीटरला दोन रुपये वीस पैसे खाते. त्या भाड्याने एकटा माणूस असेल तर एसटी स्वस्त. मागे कुणी बसले की माणशी एक रुपया दहा पैसे पडतात आणि मोटरसायकल जिंकते. दोघांसाठी एसटी परवडायला पेट्रोल १४५ रुपयांवर जावे लागले असते. एकट्यासाठी ती ७३ रुपयांनाच परवडत होती, तरी तो गेला नाही, कारण पैशांच्या हिशेबात वेळ धरलेला नसतो. गावात दिवसातून दोन गाड्या येत असतील, शेवटची संध्याकाळी सहाला सुटत असेल आणि काम आठला संपत असेल, तर भाडे फुकट केले तरी उपयोग नाही. आणि ज्या हिवाळ्यात पेट्रोल सर्वांत महाग होते त्याच हिवाळ्यात, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत, एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या हा वेगळा विषय. पण माणसे दुचाकीवरून बसकडे वळण्याची जी काही शक्यता होती ती त्या सहा महिन्यांत नाहीशी झाली. वडाप आणि काळीपिवळी जीप कोंबून भरून धावल्या, ज्यांना जमले त्यांनी जुनी दुचाकी घेतली, आणि एकदा घेतलेली दुचाकी संप मिटला म्हणून विकली जात नाही.

बस जागेवर असेल तर काय होते, याचे दाखलेही आहेत. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले आणि त्या वर्षी तिथल्या सार्वजनिक वाहतुकीने पन्नास वर्षांतला प्रवाशांचा उच्चांक गाठला. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे झाले आणि गाड्या भरभरून धावू लागल्या. जर्मनीने जून ते ऑगस्ट २०२२ मध्ये महिना नऊ युरोंत देशभर लोकल रेल्वे-बसचा पास दिला, तो पाच कोटींच्या वर खपला. पण त्याच तीन महिन्यांत तिथल्या सरकारने इंधनावरचा करही कमी केला. एका हाताने लोकांना रेल्वेत बोलावले आणि दुसऱ्या हाताने मोटारीतच बसवून ठेवले, त्यामुळे मोटारीच्या फेऱ्या फारशा घटल्या नाहीत. स्वस्त भाड्याने प्रवास वाढतो; स्वतःची गाडी सुटण्यासाठी भाडे, वारंवारिता आणि इंधनाचा दर या तिन्हींनी एकाच दिशेने ओढावे लागते.

यावर दुसरा आक्षेप असा घेतला जाईल: गरिबाला दरवाढ इतकी जाचते, तर कर कमी करा, विषय संपला. या मागणीमागची कळकळ खरी आहे आणि तिला आधारही आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क ९.४८ रुपये होते. मे २०२० मध्ये, कच्चे तेल कोसळलेले असताना, ते ३२.९८ वर नेले गेले. डिझेलवरचे ३.५६ वरून ३१.८३ झाले. जगात तेल स्वस्त झाले त्याचा पुरेपूर लाभ ग्राहकाला मिळाला नाही, आणि तेल महागले तेव्हा फटका मात्र मिळाला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधल्या कपातींनंतर पेट्रोलवरचे शुल्क १९.९० वर आले. तरीही सरसकट कपात हा उपाय मला अपुरा वाटतो. लिटरमागे पाच रुपये उतरले तर महिन्याला दहा लिटर जाळणाऱ्या दुचाकीस्वाराचे पन्नास रुपये वाचतात आणि दोनशे लिटर जाळणाऱ्या दोन मोटारींच्या घराचे हजार. शंभरच्या नोटेने पेट्रोल घेणाऱ्याच्या नावाने मागितलेली सवलत मुख्यतः टाकी फुल करणाऱ्याला मिळते. दुसऱ्या टोकाला, हवामानाच्या काळजीने कर आणखी वाढवा म्हणणाऱ्यांना फ्रान्सचे उदाहरण दाखवावे लागेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे इंधनकराच्या वाढीविरुद्ध पिवळी जाकिटे घालून जे रस्त्यावर उतरले त्यांत लहान गावांतली, रेल्वे बंद झालेल्या भागांतली माणसे मोठ्या संख्येने होती. गाडी सोडण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला होता, गाडी सोडून कशात बसायचे हे सांगितले गेले नव्हते. करातून आलेला पैसा बस, एसटी आणि लोकलच्या फेऱ्यांत उतरलेला लोकांना दिसला, तर कराला काही नैतिक आधार राहतो. तो सर्वसाधारण महसुलात विरून गेला तर तो कर फक्त दुचाकीवाल्यावरचा भार उरतो.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. विजेच्या स्कूटर आल्या, आता पेट्रोलच्या दराची चर्चा कशाला? विजेच्या दुचाकींची वार्षिक विक्री २०२१ मधल्या दीड लाखाच्या आसपासवरून २०२४ मध्ये अकरा लाखांच्या वर गेली, आणि शंभरीपार पेट्रोलने त्याला जोर दिला यात शंका नाही. त्याच वेळी, जून २०२१ मध्ये केंद्राने अनुदानही वाढवले होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे वेगळे काढता येत नाही. हा पुन्हा डिझेलसारखाच प्रकार आहे: इंधन बदलले, फिरणे बदलले नाही. किलोमीटरचा खर्च पंचवीस-तीस पैशांवर आला की फिरणे वाढतेच, कमी होत नाही. ज्याच्याकडे लाखभर रुपये आणि घराखाली चार्जिंगची सोय आहे तो दरवाढीतून सुटतो. भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, दहा वर्षे जुन्या मोटरसायकलवर कामाला जाणारा सुटत नाही. पेट्रोलवरच्या कराचा बोजा उद्या अधिकाधिक अशाच माणसांवर गोळा होत जाईल, आणि रस्त्यावरची गर्दी तेवढीच राहील.

म्हणून दराच्या चर्चेत पेट्रोलच्या दरासोबत दुसरा दरही, म्हणजे बसचे भाडे, लिहायला हवा. जुलै २०१९ मध्ये बेस्टने पहिल्या पाच किलोमीटरचे साधे भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले. मुंबईत तेव्हा पेट्रोल ७८-७९ रुपये होते. पन्नासचे ॲव्हरेज धरले तर दुचाकीला त्याच पाच किलोमीटरला सात रुपये पंच्याऐंशी पैसे लागत. बस पावणेतीन रुपयांहून अधिक स्वस्त होती, आणि बेस्टचे प्रवासी वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले, मधल्या काळात बसच्या गाड्याही घटल्या. पेट्रोल चार वर्षांपूर्वी शंभरी ओलांडून तेव्हा १०३ च्या वर स्थिरावले होते, म्हणजे पाच किलोमीटरला दहा रुपये पस्तीस पैसे. सहा वर्षांत पेट्रोल लिटरला पंचवीस रुपयांनी चढले, तरी बसने जाण्याचा फायदा पावणेतीन रुपयांवरून पस्तीस पैशांवर आला. मागच्या सीटवर कुणी बसले असेल, तर तेवढाही उरत नाही.